आधी दुखणं, मग दागिने

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत साधारण सव्वाशे किलोमीटरवर, त्याच सातारा जिल्ह्यात, म्हसवडला तो पाचशेच्या आतबाहेर असतो. मधे कृष्णाकाठची काळी जमीन. सांगली जिल्ह्याचा नकाशाही असाच आहे: पश्चिमेला शिराळ्याच्या वर चांदोलीचं जंगल, मधे उसाचा पट्टा आणि पूर्वेला आटपाडी-जतचा माळ. बामणोलीच्या बाजूची तांबडी घसरण, वाळवा-पलूसचा चिकट काळा चिखल आणि माणदेशातली धूळ व काटे हे सगळं एका शनिवार-रविवारात एकाच मोटारसायकलच्या वाट्याला येऊ शकतं. म्हणूनच 'ड्युअल-स्पोर्ट' गाडी समजून घ्यायला हा मुलूख चांगला. इथे गाडीचं कुठलं दुखणं कुठल्या जमिनीतून येतं ते नीट दिसतं.

डांबरावर आणि डांबराबाहेरही चालावी म्हणून बनवलेली ही गाडी. बहुतेकींचं पुढचं चाक २१ इंची असतं, कारण मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर कमी चढाने चढतं. चाकाला तारा असतात. अलॉय चाक दगडावर जोरात आदळलं तर त्याला चीर जाते. तारांची रिम वाकते, पण पुन्हा सरळ करता येते. शॉकअपची चाल लांब आणि इंजिनाच्या पोटाखाली मोकळी जागा. भारतात हीरोने २०११ मध्ये दीडशे सीसीची इम्पल्स आणली. ती काळाच्या थोडी आधी आली आणि फारशी न खपता गेली. २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची ४११ सीसीची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २००, आणि २०२३ च्या अखेरीस पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची हिमालयन ४५०. पहिली हिमालयन आणि एक्सपल्स या दोघींच्या पोटाखाली २२० मिलिमीटर जागा आहे. मात्र दोन्हीकडे चालणारी गाडी या भागाला नवी नाही. राजदूत आणि बजाजची एम-एटी यांनी दुधाचे कॅन लादून बांधावरून डेअरीपर्यंतच्या फेऱ्या वर्षानुवर्षं केल्या, त्यांना कुणी साहसाचं लेबल लावलं नव्हतं एवढंच.

नवी गाडी दारात आली की पहिला प्रश्न असतो, काय काय लावायचं? क्रॅश गार्ड, फॉग लाइट, मागे पेटी, हॅण्डल उंच करायचे तुकडे, वेगळा सायलेन्सर. गॅरेजमध्ये येणाऱ्या अशा सजलेल्या गाड्यांच्या कुरबुरी ऐकल्या की एक गोष्ट ध्यानात येते: निम्म्या तक्रारी कंपनीने बसवलेल्या भागांच्या नसतात, नंतर बसवलेल्या भागांच्या असतात. दुखणं ओळखलेलं नसताना घातलेला दागिना नवं दुखणं घेऊन येतो. म्हणून या लेखात निदान आणि बदल वेगळे काढलेले नाहीत.

निदानाची सुरुवात गाडी कधी बिघडते या प्रश्नापासून करावी. थंड असताना की गरम झाल्यावर? वळणावर की सरळ रस्त्यावर? पावसात, धुतल्यावर, की पडल्यावर? पडल्यावर गाडी सेल्फ मारूनही चालू होत नसेल तर आधी पान्याला हात लावू नका. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत कलंडल्याची खूण धरणारा सेन्सर असतो. गाडी आडवी झाली की तो इंधन आणि ठिणगी बंद करतो. गाडी उभी करा, किल्ली बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा. पडताना अंगठा लागून लाल किल-स्विच बंद झालेला असतो, हेही सर्रास घडतं. गिअर टाकताक्षणी इंजिन बंद पडत असेल तर साइड स्टँडचा स्विच बघा. तो जमिनीलगत असतो, चिखलाने भरतो आणि स्टँड वर असूनही खाली असल्याची खबर देत राहतो. घाटात टोइंगचा टेम्पो बोलावण्याआधी या तीन गोष्टी बघायला पाच मिनिटं पुरतात.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी जास्त छळते, कारण गॅरेजला पोहोचेपर्यंत ती थंड झालेली असते आणि मिस्त्रींसमोर मुकाट चालते. इथे कारणं मोजकी आहेत. इग्निशन कॉइल किंवा पल्सर कॉइलची आतली तार तापल्यावर तुटक होते आणि ठिणगी जाते. व्हॉल्व्हची फट कमी झालेली असेल तर तापून ती आणखी कमी होते, दाब निसटतो आणि गरम गाडी सुरू व्हायला त्रास देते. तिसरं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित: टाकीचा श्वास. पेट्रोल खाली जाईल तसतशी टाकीत हवा यायला हवी. ती वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल येईनासं होतं आणि गाडी झटके खात थांबते. तपासायला टाकीचं झाकण उघडायचं. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली की निदान झालं. ही वाट बुजवणारे दोघे: एक कुंभारीण माशी, जिला पावसाळ्यानंतर अशा नळ्यांत मातीचं घर करायला फार आवडतं, आणि दुसरी आपण हौसेने टाकीवर करकचून बांधलेली बॅग, जिच्याखाली नळी दुमडते.

हॅण्डल वळवलं की गाडी बंद पडते किंवा दिवे लुकलुकतात, ही तक्रार हॅण्डल उंच केलेल्या गाड्यांत हमखास. उभं राहून चालवायला हॅण्डल थोडं वर असलेलं बरं, हे खरं. पण वायरींची लांबी तीच राहते. हॅण्डल पूर्ण वळलं की किल्लीच्या खालचा वायरींचा जुडगा ताणला जातो आणि आवरणाच्या आत तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचंही तेच. गाडी न्यूट्रलमध्ये मंद चालू ठेवा आणि हॅण्डल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. इंजिनाचा आवाज वाढला तर केबल कमी पडते आहे. पसरणी घाटाच्या वळणावर ती आपोआप रेस देईल, म्हणून ही तपासणी घराच्या अंगणातच व्हायला हवी. गोठ्याशेजारी किंवा उसाच्या फडाजवळ गाडी उभी राहत असेल तर आणखी एक संशयित आहे: उंदीर. सीटखालची वायर कुरतडलेली आढळली तर सेन्सरच्या महागड्या निदानाची गरज उरत नाही.

विजेचा हिशेब चार आकड्यांचा आहे आणि दोन-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरने तो घरी करता येतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक, १२.२ च्या खाली गेलं तर ती थकली. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यावा. खाली राहिला तर स्टेटर किंवा रेग्युलेटर कमी पडतोय, १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरीही घेऊन जाईल. चौथा आकडा लोक विसरतात: फॉग लाइट लावून मंद चालीवर हेच मोजायचं. तिथे १३ च्या खाली उतरला तर घाट चढताना तुम्ही बॅटरीतून उधारी घेताय. दिवे लावायचेच तर स्वतंत्र फ्यूज आणि रिलेसह लावावेत. मूळ वायर सोलून चिकटपट्टीने जोड मारणाऱ्याकडे गाडी देऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो.

आता पश्चिमेकडे, पाण्याकडे. कोयनेच्या खोऱ्यात पावसाळ्यात ओढे रस्त्यावरून वाहतात आणि फरशीवर गुडघाभर पाणी असतं. गाडीला पाण्याची भीती दोन ठिकाणी असते. पहिलं, हवा जिथून आत जाते ती जागा. ती बहुतेक गाड्यांत सीटखाली असते आणि पाणी तिथवर पोहोचेस्तोवर चालवणाराच घाबरलेला असतो. दुसरं ठिकाण कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत. कार्बोरेटरमधून खाली सोडलेल्या बारीक नळ्या त्याला बाहेरच्या हवेचा दाब देतात. त्यांची तोंडं पाण्यात बुडाली की इंधनाचं प्रमाण बिघडतं आणि गाडी ऐन प्रवाहात बंद पडते. उपाय स्वस्त आहे: नळीत टी-आकाराचा जोड घालून एक फाटा वर टाकीखाली नेऊन ठेवायचा. माझ्या मते जुन्या कार्बोरेटरच्या गाडीवरचा हा सगळ्यात शहाणा बदल. तो फोटोत दिसत नाही, म्हणून फारसं कुणी करत नाही.

पाणी इंजिनात शिरलंच तर सेल्फ दाबण्याचा मोह जिवावर बेततो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना मधे पाणी असेल तर जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. बंद पडलेली गाडी ढकलून बाहेर काढावी, प्लग काढावा, एअर फिल्टरचा डबा रिकामा करावा, मग प्लगविना सेल्फ किंवा किक मारून सिलिंडरमधलं पाणी बाहेर उडवावं. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नये, आणि एकदा बदलून भागत नाही. नवं तेल घालून थोडा वेळ इंजिन चालवायचं, तेही काढून टाकायचं आणि पुन्हा भरायचं.

ही माहिती सांगलीकरांना महागात मिळाली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि गल्ल्यांमधून, पार्किंगमधून गाड्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. ओढ्यातलं पाणी आणि पुराचं पाणी यांत फरक गाळाचा. पुराचं पाणी ओसरतं, पण बारीक गाळ ब्रेकच्या कॅलिपरमध्ये, चाकांच्या बेअरिंगमध्ये, वायरींच्या जोडांमध्ये तसाच राहतो. बुडालेल्या गाडीची बॅटरी आधी सोडवावी, किल्ली लावूच नये, टाकीतलं पेट्रोल काढून टाकावं, प्रत्येक कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवावा आणि बेअरिंग फिरताहेत म्हणून चालतील असं समजू नये. ती दोन महिन्यांनी आवाज करतात. विम्याचा दावा करायचा असेल तर सेल्फ न मारण्याला आणखी एक कारण आहे. पाणी गेलेलं इंजिन सुरू करायच्या प्रयत्नात झालेली मोडतोड साध्या पॉलिसीत सहसा धरली जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

पेट्रोलचंही पाण्याशी नातं जडलंय, आणि त्यात या भागाचा थेट हात आहे. सांगली-साताऱ्याच्या साखर कारखान्यांत बनणारं इथेनॉल आता देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून सरासरीत थोडी घट येणं हा गाडीचा दोष नव्हे. खरी अडचण उभ्या गाडीची. इथेनॉल पाणी ओढून घेतं. दमट पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी दोन-तीन महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसू शकतं, आणि पंप नेमका तळातून ओढतो. सप्टेंबरात काढलेली गाडी सुरू होऊन लगेच मिस मारू लागली तर आधी हे तपासा. पावसाळ्यात उभी करायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागाच उरत नाही.

सांगलीहून महाबळेश्वरला गेलं की उंची सुमारे साडेपाचशे मीटरवरून साडेतेराशेवर जाते आणि हवा सात-आठ टक्के विरळ होते. इंजेक्शनची गाडी सेन्सर वाचून पेट्रोल आपोआप कमी करते. कार्बोरेटरची गाडी जरा जड चालते, प्लग काळा पडतो, पण एवढ्या उंचीसाठी जेट बदलायची गरज नसते. 'घाटात पिकअप नाही' म्हणून जेट बदलून घेतलेली गाडी खाली उतरल्यावर कोरडी चालते आणि तापते. पिकअप गेल्याचं कारण बहुधा फिल्टर असतं, नाहीतर घासलेल्या क्लच प्लेटा.

फिल्टरचा खरा कस पूर्वेला लागतो. माण-खटाव, आटपाडी, जतच्या कच्च्या रस्त्यावर पुढच्या ट्रॅक्टरमागे एक तास गेला तरी कागदी फिल्टरचा रंग बदलतो. ही धूळ पिठासारखी बारीक असते आणि फिल्टरच्या कडेला फट असेल तर सरळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन रिंग घासते. तपासणी सोपी आहे: फिल्टर काढून आतल्या, इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर नव्हे, त्याची बैठक नापास. कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवला की फट मिटते. तेल लावायच्या फोमचा जास्तीचा थर धुळीच्या भागात उपयोगी पडतो. उलट 'इंजिन मोकळं श्वास घेईल' म्हणून डब्याला भोकं पाडणं किंवा उघडा फिल्टर लावणं म्हणजे ज्याच्यापासून वाचायचं त्यालाच दार उघडणं. वर इंधनाचं प्रमाणही बिघडतं. बीएस-६ गाडीचा ऑक्सिजन सेन्सर मंद चालीत ते सांभाळून घेतो, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर नाही.

माणदेशातला दुसरा शत्रू बाभळीचा काटा, त्यातही वेड्या बाभळीचा. ट्यूबच्या टायरला दिवसात दोन पंक्चर होणं इथे नवलाचं नाही, आणि २१ इंची ट्यूब तालुक्याच्या दुकानातही मिळेलच असं नाही. म्हणून सोबत एकच ट्यूब न्यायची असेल तर पुढची, २१ इंची न्यावी. अडीअडचणीला ती मागच्या १७ किंवा १८ इंची चाकात दुमडून बसते आणि गावापर्यंत पोहोचवते. मागची ट्यूब पुढे मात्र बसवू नये. खडकाळ वाटेवर टायरमधली हवा थोडी कमी केली तर पकड वाढते. वीस पीएसआयच्या जरा खाली गेलं तरी चालतं, पण त्याहून फार उतरलं तर टायर रिमवर सरकतो, व्हॉल्व्ह तिरका होऊन ट्यूब तिथेच फाटते. डांबरावर परत आल्यावर हवा भरायला छोटा पंप जवळ नसेल तर हवा कमी करण्याच्या भानगडीत पडू नये. घरी आल्यावर पान्याच्या टोकाने एकेक तार वाजवून बघा. बाकीच्यांपेक्षा जी बद्द वाजते ती सैल, आणि सैल तारा वेळेवर आवळल्या तर रिम आऊट होत नाही.

कृष्णाकाठच्या काळ्या चिखलाची जात वेगळी. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला थरावर थर चिकटत जाते. मडगार्ड आणि टायरमधली फट भरली की चाक फिरायचं थांबतं. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांतून पहिल्या वळवानंतर जाणाऱ्याने हे अनुभवलेलं असतं. इथे पुढचं मडगार्ड दोन-तीन सेंटिमीटर वर उचलणं हा खरा उपयोगी बदल. खोल गुट्ट्यांचे टायर या चिखलात बरे, कारण गुट्ट्यांमधून माती फेकली जाते. पण तेच टायर राष्ट्रीय महामार्ग ४८ वर ओल्या डांबराला कमी धरतात आणि भराभर झिजतात. ज्याचं आठवड्यातलं सहा दिवसांचं जाणं-येणं कराड-सातारा हमरस्त्यावर आहे त्याने ते केवळ रुबाबासाठी घेऊ नयेत. चिखलात क्लच अर्धवट दाबून इंजिन ओरडत ठेवलं की प्लेटा जळतात. मोटारीचं इंजिन ऑइल मोटारसायकलमध्ये ओतलं असेल तर आणखी लवकर, कारण त्यातले घर्षण कमी करणारे घटक ओल्या क्लचला घसरवतात. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' लिहिलेलं बघून घ्यावं. ऑइल कूलर किंवा रेडिएटरच्या पात्यांत अडकलेली ही माती वाळली की विटेसारखी होते आणि गाडी तापू लागते. ती भिजवून, मऊ ब्रशने काढायची. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा पाती वाकवतो आणि बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत घुसवतो. एबीएसचा दिवा अचानक लागला तर चाकाजवळची दातेरी कडी आधी धुऊन बघा, नंतर सेन्सर बदलण्याचं बोला.

आता शॉकअप. या एका विषयावर गॅरेजमध्ये सर्वांत जास्त गैरसमज ऐकू येतात. "मिस्त्री, शॉकअप टाईट करून द्या, मागून बसतेय" असं सांगितलं की प्रीलोडची चकती शेवटच्या खाचेपर्यंत फिरवली जाते. त्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर आणि वेढ्यांवर ठरतो. प्रीलोडने गाडीची उभी उंची बदलते, एवढंच. योग्य उंची अशी मोजावी: मागचं चाक हवेत असताना आसापासून सीटखालच्या ठरावीक बोल्टपर्यंतचं अंतर टेपने घ्या. मग नेहमीच्या सामानासह गाडीवर बसून तेच अंतर दुसऱ्याकडून मोजवा. फरक एकूण चालीच्या साधारण तीस टक्के असावा. एक्सपल्स २०० च्या मागच्या चाकाची चाल १७० मिलिमीटर, म्हणजे सुमारे पन्नास मिलिमीटर बसणं निरोगी. याहून जास्त बसत असेल तर प्रीलोड वाढवा. शेवटच्या खाचेवरही जास्तच बसत असेल तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंग मऊ आहे आणि ती बदलण्यावाचून इलाज नाही. आणि पन्नासऐवजी वीसच बसत असेल तर गाडी खड्ड्यात चाक खाली सोडू शकत नाही, टणाटण उडते, आणि लोक त्यालाच 'कडक सस्पेन्शन' म्हणून मिरवतात.

हीरो कंपनीने स्वतः शॉकअपमधला बदल किती दूर नेला ते बघण्यासारखं आहे. २०२३ ची एक्सपल्स २०० ४व्ही प्रो पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर चाल देते, पोटाखाली २७० मिलिमीटर जागा ठेवते आणि तिचं सीट ८९१ मिलिमीटर उंच आहे. साडेपाच फुटी माणसाचे पाय टेकत नाहीत अशी गाडी शर्यतीसाठी बरोबर, पण चाळकेवाडीच्या पठारावर वाऱ्यात सामानासह ती एका पायावर पेलताना विचार करावा लागतो. पुढच्या फोर्कचं तेल गळत असेल तर सील बदलण्याआधी एक युक्ती करून बघा: जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून डस्ट सीलखालून सीलच्या कडेने फिरवली की अडकलेला मातीचा कण निघतो. पुष्कळदा गळती तिथेच थांबते.

चढाला गाडी कमी पडते असं वाटणाऱ्यांसाठी स्प्रॉकेट हा सर्वांत स्वस्त आणि परत फिरवता येणारा बदल. पुढे १३ दातांऐवजी १२ बसवले की प्रत्येक गिअरमध्ये ओढ आठ टक्क्यांच्या आसपास वाढते आणि वरचा वेग तेवढाच उतरतो. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, म्हणून ती लवकर झिजते, हे मान्य करूनच तो बदल करावा. चेनचा ढिलेपणा या गाड्यांत जरा जास्तच ठेवावा लागतो. चाल लांब असल्याने चाक वर दाबलं जाताना, पुढचं स्प्रॉकेट, स्विंग-आर्मचा बोल्ट आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणली जाते. स्टँडवर नीटनेटकी ताणलेली चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घाला घालते.

कायद्याची बाजू थोडक्यात. वाहनाच्या नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी रचना करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. टायरची नक्षी, स्प्रिंग, हॅण्डलची पकड याबद्दल रस्त्यावर कुणी विचारत नाही. आवाजी सायलेन्सर मात्र थेट दंडाला पात्र, आणि घाटातल्या गावांच्या झोपेचा प्रश्न आहे तो वेगळाच. तसंच, गाडी कुठेही चढू शकते म्हणून ती कासच्या सड्यावर चढवू नये. तिथल्या जांभ्यावरचा मातीचा थर बोटभरही नसतो आणि फुलं त्याच थरात उगवतात.

एका बाबतीत हा प्रदेश भाग्यवान आहे: लोखंडाला हात असलेली माणसं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवून नांगर घडवायला घेतले. साताऱ्यात कूपर कंपनीची इंजिनं झाली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडत होती. त्या परंपरेतून मिरज-कुपवाडपासून साताऱ्याच्या एमआयडीसीपर्यंत लेथ, मिलिंग आणि वेल्डिंगची दुकानं पसरली आहेत आणि ऑनलाइन महाग मिळणारे काही भाग तिथे निम्म्या पैशांत, गाडीच्या मापाने बनतात. मागच्या सामानाची चौकट, साइड स्टँडखालची रुंद पट्टी, इंजिनाखालची संरक्षक प्लेट हे बिनधास्त करून घ्यावं. आस, ब्रेकचे भाग, फोर्कचे क्लॅम्प आणि हॅण्डल यांना मात्र स्थानिक वेल्डिंग लागू देऊ नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने धातूचा पोत बदलतो आणि तो तुटताना आधी कळवत नाही. प्लेट करून घेणार असाल तर चार मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची घ्या. ती इंजिनाला न टेकता चौकटीवर रबरी वायसरने बसवा. खालून हवा खेळायला झरोके ठेवा. आणि ऑइल काढायच्या बोल्टच्या बरोबर समोर एक भोक सोडायला लेथवाल्याला चार वेळा सांगा. नाहीतर पुढच्या प्रत्येक सर्व्हिसिंगला आधी प्लेट उतरवावी लागेल.